समरजीतच्या गाडीची पायरी

समरजीत बर्गे माझा मावसभाऊ. तो मला आवडत नाही. हे मी त्याच्या तोंडावरही सांगितलेलं आहे, तेव्हा इथे सांगायला हरकत नाही. त्याला वाईट माणूस म्हणावं, एवढीही त्याची ऐपत नाही. त्यानं कुणाचं घर बुडवलं नाही, बायकोवर हात उचलला नाही. पण आपण दुसऱ्याच्या डोळ्यांत किती उंच दिसतो, या काळजीपलीकडे त्याच्या डोक्यात कधी काही शिरलं नाही. पन्नाशी उलटली, तरी नाही.

तो वाढला हजीऱ्यात, मिल-कामगारांच्या वस्तीत. माझे काका, म्हणजे त्याचे वडील, मिलमध्ये कामाला होते. मिल बंद पडली तेव्हा त्यांनी चौकात सायकली दुरुस्त करायचं दुकान टाकलं आणि त्या दुकानावर याला बी.कॉम. केलं. ते दुकान आता समरच्या बोलण्यात कुठेच येत नाही. येतात ते आजोबा. आजोबा संस्थानच्या रिसाल्यात होते हे खरं. मंदामावशी, समरची आई, सांगते, "सासरे घोड्यांना चंदी घालायचे. निगुतीनं घालायचे. घोडे त्यांना आवाजावरून ओळखायचे." एवढं ऐकून कुणालाही त्या माणसाबद्दल आदर वाटेल. समरला नाही वाटला. त्यानं आजोबांना आधी रिसालदार केलं आणि जमिनीच्या दलालीत हात चालायला लागल्यावर सरदार करून टाकलं. दर्पण कॉलनीतल्या त्याच्या बंगल्यात दर्शनी भिंतीवर घोड्यावर बसलेल्या आजोबांचं मोठं तैलचित्र आहे. आजोबांचा एकही फोटो कुणाकडे नव्हता, म्हणून चित्रकारानं चेहरा समरचाच काढला आहे, वर मिशा लावल्या आहेत. पाहुणे आले की तो मुद्दाम चित्राखाली बसतो.

आधी त्याच्याकडे एक लहानशी गाडी होती. मावशी त्यात दार उघडून सरळ बसायची, खुर्चीत बसावं तशी. मग आमच्या इथल्या मराठी समाजाच्या मंडळात कुणीतरी एक बांधकामवाला मोठा पिकअप घेऊन आला, पुढे चार दारांची केबिन, मागे मोकळा हौदा. महिन्याभरात समरनं लहान गाडी विकून तसाच पिकअप दारात आणून उभा केला. काळा, रानडुकरासारखा. मागच्या हौद्यावर त्यानं एक ताणलेलं कव्हर बसवून घेतलं आणि ते कधी उघडलं नाही. त्याच्या बायकोनं, गरिमानं, एकदा शिवपुरीहून तिच्या माहेरच्या गाद्या आणायच्या का म्हणून विचारलं, तर म्हणाला, "ओरखडे पडतील." ओझं वाहायची गाडी घ्यायची आणि ओझ्याची लाज बाळगायची, हे त्यालाच जमावं. गरिमाकडे लायसन्स होतं, पण तिच्या हातात त्यानं त्या गाडीची किल्ली कधी दिली नाही.

त्या गाडीच्या केबिनचा तळ मावशीच्या जवळजवळ कमरेपर्यंत यायची. मावशीच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसरा तसाच चाललेला. दाराखाली पाय ठेवायला काही नव्हतं. समरला पायरीची गरज नव्हती, म्हणून गाडीला पायरी नव्हती.

त्या थंडीत माझी आई दतियाला माझ्या भावाकडे न्यूमोनियानं आजारी पडली. मावशीला धाकट्या बहिणीला बघायचं होतं. मी सकाळी दर्पण कॉलनीत पोचले, तेव्हा गाडी फाटकाशी उभी होती. समर पलीकडच्या बाजूला फोनवर बोलत होता. बोलता बोलताच त्यानं कॉलनीच्या चौकीदाराला आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला हाक मारली. त्या दोघांनी मावशीला काखेत धरून वर उचललं. तिचं लुगडं पोटरीच्या वर गेलं, एक चप्पल खाली पडली. समोरच्या गच्चीवर दोन बायका उन्हात बसल्या होत्या, त्या बघत राहिल्या. मी चप्पल उचलून तिच्या पायात घातली. ती माझ्याकडे बघेना.

दतियाला माझ्या भावाच्या सासरच्या माणसांसमोर तिला तसंच उतरवलं. परत येताना ती गाडीत बसली नाही. माझ्या भावाला म्हणाली, "मला रेल्वेत बसवून दे." समरला त्याचंही काही वाटलं नाही. "आईचा हट्टी स्वभाव आहे," म्हणाला आणि एकटा गाडी हाकत आला.

त्यानंतर मावशी त्या गाडीत बसायची बंद झाली. आईची तब्येत हळूहळू सुधारत होती, पण खाटेवरून उठवत नव्हतं. ती फोनवर विचारायची, "मंदे, केव्हा येशील?" मावशी म्हणायची, "येते. पाय बरा झाला की येते."

गरिमा तशी बोलणारी बाई नाही. पण या वेळी तिनं नवऱ्याच्या मागे भुणभुण लावली. गाडीला साइड स्टेप लावून घ्या, आईंना चढता येईल. समरनं पहिल्यांदा दुर्लक्ष केलं. मग मंडळातल्या त्या बांधकामवाल्यानं आपल्या पिकअपला चकचकीत स्टीलचे पाइप लावले, तेव्हा लगेच समरला आईच्या गुडघ्याची आठवण झाली.

आम्ही चौघं पडावजवळच्या गाड्यांच्या सजावटीच्या दुकानात गेलो. मावशी आणि मी ई-रिक्षानं, ती दोघं पिकअपनं. दुकानदार गोड बोलणारा, गिऱ्हाईक ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला आधी स्वतः झुकणारा. त्यानं मावशीला प्लॅस्टिकचा स्टूल दिला आणि तिला तिथेच विसरला.

त्याच्याकडे तीन तऱ्हा होत्या. एक रुंद सपाट फळी, दोन्ही दारांखाली सलग जाणारी, वर रबराच्या पट्ट्या, रंग काळा, दिसायला काहीच नाही. दुसरे ते स्टीलचे गोल पाइप, त्यावर दाराच्या जागी टाचेएवढी एक टिकली. आणि तिसरी विजेची. एरवी गाडीच्या पोटाखाली लपलेली असते, दार उघडलं की मोटर गुरगुरते आणि पायरी आपली आपण बाहेर येते, दार लावलं की परत आत.

दुकानदारानं नमुन्याच्या चौकटीवर ती चालू करून दाखवली. समरचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. कुणीतरी त्याच्यापुढे वाकून मुजरा केल्यासारखा तो त्या पायरीकडे बघत होता.

"पुन्हा करून दाखवा," तो म्हणाला.

मावशी स्टुलावरून म्हणाली, "समर, मला ती फळी बरी वाटते. पाय पूर्ण बसेल."

"आई, ती फळी लोडिंगच्या गाड्यांना लावतात."

"पण ही दुसरी हलते."

"हलत नाही ग. ती येते."

"पायाखाली येणारं-जाणारं मला काही नको," मावशी म्हणाली.

तो दुकानदाराकडे वळला होता. "इस पर कितने आदमी खड़े हो सकते हैं?"

ज्या पायरीवरून एका बाईला चढायचं होतं, तिच्याबद्दल त्यानं विचारलेला हा एकमेव प्रश्न. दुकानदारानं समरच्या हातातल्या अंगठ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "आप जितने चाहें खड़े कर लीजिए, सरकार. मेरी गारंटी." सरकार म्हटल्यावर व्यवहार संपलाच होता. गरिमा काही बोलणार होती, पण समरनं हात वर केला. मी म्हटलं, "अरे, आईला एकदा पाय ठेवून तरी बघू दे." तो म्हणाला, "ताई, तुला या गोष्टीतलं समजत नाही." त्यालाही समजत नव्हतं, पण त्यानं त्याचं कधी अडत नाही.

पायरी लागली. पुढचा आठवडा तो कॉलनीत येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून गाडीचं दार उघडून दाखवत होता. मावशीनं एकदा प्रयत्न केला. तिनं पाय ठेवला, पायरी जराशी खाली दबली, कुठेतरी करकरली. मावशीनं पाय काढून घेतला.

"भीती वाटते रे."

"सवय होईल," समर म्हणाला आणि दार लावून पायरी आत गेलेली बघत राहिला. मावशी आपल्या खोलीत निघून गेली. त्यानंतर तो विषय त्याच्या लेखी मिटला.

मग शिवजयंती आली. आमच्या मंडळाची शोभायात्रा गोरखीपासून निघते आणि बाड्याच्या चौकाला वळसा घालून जुन्या बाजारातून जाते. समरनं आपली गाडी देऊ केली. मंडळाला वाटलं, हौद्यात महाराजांची मूर्ती ठेवता येईल. समर म्हणाला, मूर्ती नको, कव्हर खराब होईल, गाडी पुढे चालेल. म्हणजे मूर्ती गेली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, आणि तिच्यापुढे समरची रिकामी गाडी. एवढं कुणी ऐकून घेतलं, त्या मंडळींबद्दलही माझं मत फारसं बरं नाही. वर्गणी मोठी असली की आमच्याकडे माणसाला बोलायचं कुणी धाडस करत नाही.

गोरखीच्या दरवाज्याशी मी शेजारच्या बायकांबरोबर उभी होते. समर आला तो गाडीत बसून नव्हे. त्यानं भाड्यानं ड्रायव्हर ठेवला होता. स्वतः फेटा बांधून, एका हातानं छताची दांडी धरून तो त्या विजेच्या पायरीवर उभा होता. दार लावलं तरी पायरी बाहेरच राहावी, म्हणून त्यानं वेगळं बटण बसवून घेतलं होतं. त्याच्या शेजारी मंडळाचे खजिनदार सदाशिवराव, चांगले भरदार गृहस्थ, तेही त्याच पायरीवर. दोघं हात हलवत होते. लोक मागच्या मूर्तीला नमस्कार करत होते आणि समर तो नमस्कार आपल्याला समजून मान लववत होता.

बाड्याच्या पुढे रस्ता पाइप टाकायला खोदून वरवर बुजवलेला होता. गाडीचं चाक त्यात गेलं, फार नाही, जराच. पायरीचा लोखंडी हात वाकला आणि पायरी दोघांना घेऊन खाली गेली. समर आधी पडला. सदाशिवराव त्याच्यावर पडले. पुढच्या बँडवाल्यांना कुणी सांगितलं नाही, त्यामुळे ते वाजवत पुढे निघून गेले, आणि समरचं ओरडणं बराच वेळ कुणाला ऐकूच गेलं नाही.

घोटा मोडला होता. सदाशिवरावांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. गर्दीत ॲम्ब्युलन्स यायची नाही, म्हणून त्याच गाडीनं न्यायचं ठरलं. पण लटकती पायरी आणि मोडका घोटा घेऊन उंच केबिनमध्ये तो चढणार कसा. शेवटी कुणीतरी मागचं कव्हर ओरबाडून काढलं, चौघांनी त्याला काखेत आणि पायांना धरून उचललं आणि रिकाम्या हौद्यात आडवं ठेवलं. त्या हौद्यात पडलेलं पहिलं ओझं ते.

मी हसले असेन असं पुष्कळांना वाटतं. मला हसू आलं नाही. त्याचा पायजमा वर सरकला होता, लोक दोन्ही बाजूंनी बघत होते, आणि तो डोळे मिटून घेत होता. दतियाला निघतानाची मावशी मला दिसली. मला वाटलं, निदान आता याला कळेल.

कळलं नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांना तो चित्राखालच्या दिवाणावर पडून सांगायचा, की सदाशिवरावांचा तोल गेला, त्यांना सावरताना आपण पडलो. पुढे पुढे त्यात एक बिथरलेला बैलही आला. सदाशिवराव स्वतः भेटायला आले तेव्हा गोष्टीत बैल होता आणि ते नव्हते, एवढाच फरक. पडून राहिलेल्या त्या दिवसांत त्याला बाथरूमपर्यंत न्यायला चौकीदार लागायचा. चौकीदारानं कसं धरलं, हळू का नाही धरलं, यावर तो घर डोक्यावर घ्यायचा. मावशी आपल्या खोलीतून ऐकायची. एकदा मला म्हणाली, "माझ्या वेळेला मी आवाज नव्हता केला." इतकंच.

गाडी लटकत्या पायरीसकट फाटकात उभी होती. एका सकाळी गरिमानं समरच्या कपाटातून किल्ली घेतली. विचारलं नाही, सांगितलंही नाही. मला फोन आला, "ताई, आईंना घेऊन पडावला या, मी गाडी घेऊन येते." मी म्हटलं, "जमेल तुला एवढं धूड?" ती म्हणाली, "ट्राय तर करून बघते."

ती आमच्याआधी पोचली होती. दुकानदार तोच. मोडक्या पायरीबद्दल त्यानं आधी हळहळ दाखवली, मग रस्त्यांना नावं ठेवली, मग साहेबांच्या वजनाला, आणि शेवटी स्टीलचे पाइप पुढे केले. गारंटी हा शब्द त्यानं या खेपेला काढला नाही.

मावशी या वेळी स्टुलावर बसली नाही. दुकानापुढे पायऱ्या लावून झालेल्या दोन-तीन गाड्या उभ्या होत्या. तिनं एकेकीपाशी जाऊन पाय ठेवून पाहिला. पाइपवरच्या टिकलीवरून तिची टाच सरकली. सपाट फळीवर तिनं एक पाय ठेवला, दुसरा ठेवला, दाराला धरून क्षणभर नुसती उभी राहिली आणि खाली उतरली.

"ही," ती म्हणाली. "आणि याहून खाली लावून द्या."

"माताजी, ये तो लोडिंग गाड़ी में लगता है," दुकानदार म्हणाला. "साहब की गाड़ी का लुक ख़राब हो जाएगा."

मावशीनं हौद्याकडे बोट केलं. "तर मग ही कसली गाडी आहे?"

दुकानदार गरिमाकडे बघायला लागला. गरिमा म्हणाली, "जो आई कह रही हैं, वही लगाइए. और अंदर एक हैंडल भी." बसवायला दुपार झाली. आम्ही तिघी समोरच्या हॉटेलात चहा पीत बसलो. मावशी गाडीखाली आडव्या पडलेल्या माणसाकडे सारखी बघत होती.

काम झाल्यावर तिनं आतल्या हँडलला धरलं, ऑपरेशन झालेला पाय फळीवर ठेवला, दुसरा शेजारी आणला. थोडं थांबली. मग एक पाय आत, आणि ती सीटवर बसली. पदर सारखा केला. तिला कुणी हात लावला नव्हता.

"चल," ती गरिमाला म्हणाली.

"घरी ना, आई?"

"घरी काय आहे? दतियाला चल."

आम्ही दतियाला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. मावशी स्वतः उतरली, अंगण ओलांडून आत गेली आणि माझ्या आईच्या खाटेवर जाऊन बसली. आईनं तिचा हात धरून विचारलं, "आली कशी ग?" मावशी म्हणाली, "गाडीतनं." मी त्यांना तिथे सोडून बाहेर आले. थोड्या वेळानं त्यांच्या हसण्याचे आवाज बाहेर येत होते. आजारपणात आईचा तसा आवाज मी ऐकला नव्हता. निघताना भावानं गव्हाची पोती दिली, गुळाची ढेप दिली, आईनं मावशीला हवी असलेली आजोळची जुनी लाकडी घडवंची दिली. सगळं हौद्यात गेलं. ओरखडे पडले.

समरनं खिडकीतून गाडी आत येताना पाहिली. "टेम्पो करून टाकलात," तो म्हणाला. "प्लास्टर निघू दे, पहिलं काम ती फळी उचकटून टाकतो." गरिमा गव्हाची पोती मोजून घ्यायच्या निमित्तानं बाहेर गेली. किल्ली मात्र तिनं परत कपाटात ठेवली नाही. त्यानंतर दोघी आठवड्याला कुठे ना कुठे जायला लागल्या. हजीऱ्यातल्या जुन्या शेजारणींकडे मावशी कित्येक वर्षांनी गेली. समरनं त्या गल्लीत आईला न्यायचं कधी मनावरच घेतलं नव्हतं.

प्लास्टर निघालं, पण घोटा आखडला होता. पहिल्या दिवशी समर काठी घेऊन गाडीपाशी गेला. मी तिथेच होते. त्यानं पाय उचलून सरळ आत ठेवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. इकडेतिकडे पाहिलं. मग मुकाट्यानं हँडल धरलं, फळीवर पाय ठेवला आणि वर चढला. फळी उचकटायचं त्या दिवशी राहिलं, दुसऱ्या दिवशीही राहिलं.

अक्षय तृतीयेला मंडळाचा स्नेहमेळावा होता. समरला बोलायला लावलं, म्हणजे त्यानंच लावून घेतलं. आधी आजोबा झाले. मग तो आईच्या सेवेवर आला. म्हणाला, लोक गाड्यांना शोभेच्या गोष्टी लावतात, पण मी माझ्या मातोश्रींच्या गुडघ्यांचा विचार करून साधी सपाट पायरी स्वतः निवडून लावून घेतली, लोक हसले तरी मी पर्वा केली नाही. टाळ्या झाल्या. सदाशिवरावही टाळ्या वाजवत होते, ज्यांना ती आधीची पायरी चांगली ठाऊक होती. मावशीला स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ दिला. तिनं तो घेतला, नमस्कार केला आणि खाली आली. गरिमा मान खाली घालून पर्सची चेन उघडत-लावत होती.

मेळावा संपल्यावर समर फोटो काढून घेत मागे राहिला. आम्ही तिघी गाडीपाशी आलो. मी नुसती धुमसत होते.

"मावशी, एवढं धडधडीत खोटं तू ऐकून घेतलंस? माइक तुझ्यासमोर होता."

ती हँडल धरून फळीवर उभी होती. आधी नीट आत बसली, मग बोलली.

"बोलले असते तर त्यानं उद्याच जाऊन ही काढली असती आणि परत ते नाचरं काहीतरी लावलं असतं. आता नाही काढायचा. चारचौघांत सांगून बसलाय."

मुलाबद्दल बोलताना आईच्या आवाजात काहीतरी मऊ येतं, असं मी समजत होते. त्या वाक्यात तसलं काही नव्हतं. तिनं शाल घडी करून बाजूला ठेवली आणि गरिमाला म्हणाली, "त्याची वाट बघायची गरज नाही. येईल रिक्षानं."

गरिमानं गाडी सुरू केली.